कालव, सुरी आणि तिखट

कालव हा प्राणी कोंकणांत कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. ओहोटी लागली म्हणजे खडकांवर बसून लोखंडी हत्यारानें कालवें फोडणाऱ्या बाया रत्नागिरीकडे पुष्कळांनीं पाहिल्या असतील. हेंच काम अमेरिकेंतील मेरीलंड संस्थानांत शर्यतीचा विषय झालें आहे.

चेसापीक नांवाच्या विस्तीर्ण खाडीजवळ लेनर्डटाउन हें गांव आहे. तेथील उत्सवांत १९६७ सालापासून कालवें उघडण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरूं लागली. प्रत्येकापुढें २४ कालवें मांडतात. आखूड, जाड पात्याची सुरी फटींत घालावयाची, मनगटास पीळ द्यावयाचा, शिंपले मिटून धरणारा स्नायु कापावयाचा आणि पातें खालून फिरवून मांस सुटें करावयाचें. कोणी बिजागरीकडून शिरतो, कोणी ओठाकडून. दोन्ही पंथांस आपापला अभिमान असतो. पण नुसता वेग येथें पुरत नाहीं. मांस चिरलें, कपची राहिली किंवा बोटाचें रक्त लागलें, कीं दंडाचे सेकंद वेळेंत मिळविले जातात. विजयी वीरास आयर्लंडांतील गॉलवे येथील जागतिक स्पर्धेस पाठविण्याचा प्रघात आहे.

प्रेक्षकांचें लक्ष मात्र बशीकडे असतें. उघडलेलें कालव शिंपल्यांतील खाऱ्या पाण्यासह कच्चेंच खातात; वर थोडें लिंबू आणि लाल तिखटाचे दोन थेंब. हें तिखट बाटलींत भरून विकणारा एडमंड मॅकिल्हेनी मूळचा मेरीलंडचाच, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. हेगर्सटाउन येथें १८१५ सालीं त्याचा जन्म झाला. न्यू ऑर्लीन्स येथें तो पेढीवाला झाला, यादवी युद्धांत बुडाला, आणि लुइझियानांतील एव्हरी आयलंड या सासुरवाडीच्या बेटावर मिरच्या लावूं लागला. १८६८ सालीं विक्रीजोगें पहिलें पीक आलें, पुढील वर्षीं ६५८ बाटल्या खपल्या. ठेचलेली मिरची मीठ घालून लांकडी पिंपांत मुरवावयाची आणि मग तींत शिरका मिसळावयाचा, एवढीच ती कृति. ‘तबास्को’ हें नांव मेक्सिकोंतील एका प्रांताचें. आपली मिरचीहि त्या मिरचीची चुलत बहीणच. तीहि त्याच खंडांतून, पोर्तुगिजांबरोबर, आपल्याकडे आली.

मॅकिल्हेनीचें पीक आलें त्याच १८६८ सालीं मेरीलंड सरकारनें खाडीवर कालवांसाठीं सशस्त्र पोलीस नेमले. कारण उघड होतें. १८६५ च्या कायद्यानें तळ खरवडणारीं जड जाळीं वापरण्यास मोकळीक मिळाली होती, आणि १८६६ सालीं आगगाडी क्रिसफील्ड बंदरापर्यंत पोंचली. १८८४–८५ च्या हंगामांत दीड कोट बुशेल, म्हणजे तितक्या मोठाल्या टोपल्या भरतील एवढीं कालवें निघालीं.

हीं सारीं हातानेंच उघडावीं लागत. क्रिसफील्डच्या वखारींत या कामावर गुलामगिरींतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांचा मोठा भरणा होता. बाल्टिमोर शहरांत बोहेमिया व पोलंडहून आलेलीं गरीब कुटुंबेंहि तेंच करीत. ऐन थंडींत, ओल्या जमिनीवर, दिवसभर उभें राहावयाचें. मजुरी मापावर मिळे, म्हणून घाई त्यांनाहि होतीच. जखमांचा दंड मात्र सेकंदांत मोजला जात नसे. आज ज्या कसबास टाळ्या पडतात, तें त्या माणसांनीं पोटासाठीं कमावलें होतें. उत्सवांत त्यांची आठवण याहून ठळकपणें व्हावयास हवी होती.

खाडीची स्थिति पुढें खालावत गेली. अति उपसा व गाळ यांत १९५९ पासून एका नव्या रोगाची भर पडली. आज तेथें कालवें पूर्वीच्या मानानें शेंकडा एकदोनच उरलीं आहेत. एक मोठें कालव दिवसास सुमारें १९० लिटरपर्यंत पाणी गाळूं शकतें. तेव्हां खाडीचें पाणी गढूळ झालें यांत नवल नाहीं.

कालवाच्या पिलास बसावयास कठीण जागा लागते, आणि तें जुन्या कालवाच्या पाठीवर सर्वांत चांगलें रुजतें. म्हणून मेरीलंडांत हॉटेलांतून व मेजवान्यांतून रिकामे शिंपले गोळा करतात, धुऊन उन्हांत कित्येक महिने वाळवितात, त्यांवर पिलें बसवितात आणि होड्यांतून नेऊन पुन्हां खाडींत सोडतात.