विस्कटलेल्या मराठी पानांचा इतिहास

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९ मध्ये ‘भाषा’ या शब्दाला लागूनच ‘लिपी’ हा शब्द आला आहे. दुसऱ्या राज्याच्या हद्दीत राहून मराठी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे महत्त्व निराळे सांगायला नको. मात्र ही लिपी संगणकात गेली, तेव्हा ती जतन करण्याचा अर्थच बदलला.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर समजायचे, हा निव्वळ करार असतो. १९९० च्या दशकात आपल्याकडील हौशी मंडळींनी गावाचा इतिहास, बोलीतले शब्द, किल्ल्यांची माहिती अशी पाने मोठ्या उमेदीने तयार केली, तेव्हा असा सर्वमान्य करार व्यवहारात नव्हता. प्रत्येक फाँटात जास्तीत जास्त २५६ जागा असत. त्यांतील लॅटिन अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, रफार, अर्धा ‘श’ असे देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि तेही प्रत्येक फाँटकर्त्याने आपापल्या मर्जीने. वाचकाच्या संगणकावर नेमका तोच फाँट नसला, की मजकुराच्या जागी लॅटिन अक्षरांची अर्थहीन रास उभी राही. ‘निपाणी’ किंवा ‘खानापूर’ हे नाव पानावर डोळ्यांना दिसत असूनही शोधयंत्राला ते सापडत नसे. पुराव्याच्या भाषेत सांगायचे, तर दस्तऐवज दाखल होता, पण वाचता येत नव्हता.

वास्तविक सर्वमान्य कराराचा प्रयत्न त्याआधीच झाला होता. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले काम ‘इस्की’ या संकेतप्रणालीत परिणत झाले, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ती आयएस १३१९४ म्हणून स्वीकारली. तिची एक गोष्ट सीमाभागातील वाचकाला मौजेची वाटेल. ‘इस्की’त देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांचा आकडा एकच होता. लिपी तेवढी बदलायची. १९९१ मध्येच आलेल्या युनिकोडने दोन्ही लिप्यांना स्वतंत्र घरे दिली, परंतु मांडणी ‘इस्की’चीच ठेवली. देवनागरी ‘क’ २३२५ वर, तर कन्नड ‘क’ ३२२१ वर; अंतर ८९६. ‘ळ’चेही अंतर तेवढेच. एकीकडे पाट्यांवरून भांडणे चालू असताना दोन्ही वर्णमाला त्या तक्त्यात समांतर नांदत आहेत.

१९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका भोजनगृहात बसून यूटीएफ-८ची रचना केली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पान यूटीएफ-८मध्ये असून ब्राउझरने ते जुन्या पाश्चात्त्य संकेतात वाचले, की एका ‘क’चे तीन तुकडे होतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेले लॅटिन ‘ए’, चलनाचे गोल चिन्ह आणि एक ठिपका. हा कचरा पाहून घाबरण्याचे कारण नाही. मूळ बाइट शाबूत असतात. पानाच्या आरंभी संकेताची योग्य घोषणा केली की मराठी परत येते. त्याच स्थितीत पान पुन्हा साठवले असेल, तर तोच फेरा उलटा फिरवावा लागतो. मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटून ती साठवली गेली असतील, तर मात्र अपील नाही. मूळ प्रत शोधावी.

फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणे अधिक किचकट. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते; ‘धर्म’मधला रफार ‘म’नंतर येई, तो आता आधी न्यावा लागतो. नुसत्या अक्षराच्या बदल्यात अक्षर ठेवणारी साधने इथेच फसतात. खरी कसोटी ‘ऱ्या’ची. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेली साधने तो सरसकट पुसतात. ‘शेतकर्‍यांची’ किंवा ‘शेतकऱ्यांची’ असे असायला हवे तेथे ‘शेतकर्यांची’ छापून आलेले निवेदन आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. युनिकोडमध्ये नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडला की हा ‘ऱ्या’ बिनचूक उमटतो.

आमच्या व्यवसायाचे आद्याक्षर तर आणखी उशिरा आले. ‘ॲडव्होकेट’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत दाखल झाला. तोवर लोक ‘अ’ला चंद्र जोडून वेळ निभावत, काही संगणकांवर त्या दोहोंच्या मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. जुनी जोडणी आणि नवे चिन्ह डोळ्यांना सारखेच दिसते, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून जुनी पाने दुरुस्त करताना हा बदलही त्याच फेरीत करून घ्यावा. नाहीतर पान स्वच्छ दिसेल आणि शोधणाऱ्याला निम्मीच नावे मिळतील.