नाडा, मांडी आणि शंभर गुण

तुमसर तालुक्यातला आंबागडचा किल्ला राजा खान पठाणाने इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. देवगडच्या बख्त बुलंदचा तो काळ. पुढे नागपूरकर भोसल्यांनी तिथे कैदी ठेवले. हे सारे गॅझेटियरात सापडते. पण गडाखालच्या गावात कोणाला लकवा मारला, कोणाला दुसऱ्याच्या हातून घास घ्यावा लागला, याची नोंद कोण ठेवणार? आजाऱ्याला रोजची कामे आपली आपण कितपत जमतात, हे मोजण्याची रीतच मुळी अलीकडची. तिचा इतिहास आम्ही सांगतो आहोत, कारण ती आपल्या घरापर्यंत येऊन पोचली आहे.

१९६३ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या डॉ. सिडनी कॅट्झ यांनी सहा कामे निवडली : अंघोळ, कपडे, शौच, अंथरुणातून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. १९६५ साली डॉ. फ्लॉरेन्स माहोनी व डोरोथिया बार्थेल यांनी दहा कामांना मिळून शंभर गुण ठेवले. ही यादी आजही जगभरच्या इस्पितळांत चालते. तिच्यात जेवणाचे पूर्ण दहा गुण मिळवायचे तर रोग्याने ताटातले अन्न कापावे, मीठ-मिरी घालावी, पावाला लोणी लावावे! वरणभात कालवून घास उचलायला पाची बोटे लागतात, ते बाल्टिमोरला कसे सुचावे? यात त्यांचा दोष नाही. मोजणारा आपल्याच घरातले ताट डोळ्यांपुढे ठेवतो.

आपल्या सरकारनेही मग आपले ताट ठेवले. १९९५ च्या अपंग कायद्यानंतर २००१ साली केंद्राने अपंगत्वाची टक्केवारी काढण्याचे नियम काढले. हाताची परीक्षा घेताना त्यांत सांध्यांची हालचाल आणि स्नायूंचे बळ तर पाहतातच, पण देशी पद्धतीने जेवणे, वेणी घालणे, कुडता चढवणे, नाडा किंवा धोतर बांधणे हेही तपासतात. पायासाठी उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे. सरकारी कागदावर नाडा पाहून आम्हाला खरोखर बरे वाटले.

उठणे, बसणे, गुडघे टेकणे हे वाचून नमाज आठवल्याशिवाय राहत नाही. इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी विचारले तेव्हा पैगंबर (स.) यांनी सांगितले की उभ्याने पढावी, न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर. फिकहच्या आलिमांनी यापुढे इशाऱ्याने नमाजची पायरी सांगितली, आणि ज्याला पाणी सोसत नाही त्याला तयम्मुम. हीसुद्धा ताकदीची मोजणीच. फरक इतकाच, की इथे मोजतो तो आजारी स्वतः. त्याच्याकडे कोणी दाखला मागत नाही.

दाखला लागतो तो अनुदानाला. तिथे चाळीस टक्क्यांची रेघ आहे, २०१६ च्या नव्या कायद्यातही ती राहिली. आणि इथेच बाईमाणसाची गोष्ट निघते. १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी यांनी फोन, बाजार, औषधे, पैशांचा हिशेब अशा आठ कामांची यादी केली. त्यातली स्वयंपाक, घरकाम आणि धुणे ही तीन पुरुषांना तेव्हा विचारायचीच नाहीत असे ठरले होते. फिलाडेल्फिया काय नि भंडारा काय! आपल्याकडे मियाँसाहेबांनी जन्मात चहा केला नाही, तरी त्यांना कोणी परावलंबी म्हणत नाही. अम्मीच्या हातची भाकर मात्र बंद झाली की साऱ्या घराला कळते, तिचे गुडघे कधीपासून दुखत होते ते सोडून.

माहोनी आणि बार्थेल यांनी स्वतःच बजावले होते की शंभर गुण मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असे नाही. चूल पेटवणे, चार माणसांत वावरणे त्यांच्या यादीत नव्हते. आणि आमच्या धानाच्या मुलखातली रोवणी तर कोणाच्याच यादीत नाही. पावसात, चिखलाच्या बांधीत दिवसभर वाकून रोपे लावायची. त्यावर घर चालते. आंबागडची एखादी बाई तपासणीला मांडी घालून दाखवील, नाडाही बांधील आणि पस्तीस टक्क्यांवर घरी येईल. रोवणीला तिला आता कोणी बोलावत नाही, ते लिहायला अर्जात रकाना नाही.