मुंबईच्या खानावळी, इराणी आणि उडपी

मुंबईत पैसे देऊन रोज जेवण्याची सोय मोठ्या प्रमाणावर उभी राहिली ती परगावच्या एकट्या पुरुषांसाठी. कावसजी दावर यांची ताडदेवची सूतगिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि त्यानंतरच्या काही दशकांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी हा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. कामगार आले ते मुख्यतः कोकण आणि घाटमाथ्यावरून. बायकामुले गावी शेतीपाशी राहिली. चाळीच्या एकेका खोलीत दहा-पंधरा जण पाळीप्रमाणे आलटूनपालटून झोपत. चूल मांडायला ना जागा, ना सवड. मग त्याच वस्तीतली एखादी बाई, पुष्कळदा त्यांच्याच गावाकडची, महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण घाली. भाकरी, भात, आमटी, कधी मटण किंवा मासळी. पगार झाला की हिशेब चुकता व्हायचा, संप झाला की उधारी चढायची.

शहराच्या इतिहासात या खानावळवाल्या बायकांची जागा फार मोठी आहे, आणि ती पुरेशी मान्य झालेली नाही. कामगारांची उधारी त्या आपल्या अंगावर घेत. त्यासाठी वाणी आणि सावकार यांच्याकडून जबर व्याजाने पैसे उचलत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा कुठे त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, त्यांतले हजारो गावी परतले, आणि महिन्याने जेवणारे हे मेंबर गेल्यावर खानावळीही बसल्या. गिरण्या बंद पडल्याची हळहळ पुष्कळ लिहिली गेली. या चुली विझल्याची फार थोडी.

कचेरीतल्या कारकुनाची अडचण निराळी होती. त्याचे बिऱ्हाड मुंबईतच असे, पण घर ते कचेरी हे अंतर लांब आणि बाहेरचे शिजवलेले अन्न जातीच्या नियमात न बसणारे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेली डबेवाल्यांची सेवा या गरजेतून वाढली. गिरगाव आणि दादरला ब्राह्मणी खानावळी निघाल्या त्याही जेवणाऱ्याला सोवळ्याची खात्री देण्यासाठी. पुढे त्यांच्या जोडीला फराळाचे पदार्थ देणारी मराठी उपाहारगृहे आली. दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० पासूनचे. तिथला बटाटेवडा पिढ्यान्‌पिढ्या नाव मिळवून राहिला.

या शिवाशिवीच्या शहरात मोठा फरक पडला तो इराण्यांमुळे. इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत चहाची दुकाने घातली. कोपऱ्यावरचे दुकान हिंदू व्यापाऱ्यांना अशुभ वाटे म्हणून ते इराण्यांना सहज मिळे, असे सांगतात. कारण काहीही असो, दोन रस्त्यांकडे उघडणारी ती जागा गिऱ्हाइकाच्या सोयीची ठरली. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीभर आरसे, ब्रून मस्का आणि घट्ट गोड चहा. धोबीतलावचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोडचे मेरवान १९१४ चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे. एका टेबलावर हमाल, विद्यार्थी, टॅक्सीवाला आणि वकील शेजारी शेजारी बसू लागले, हे त्या काळी साधे नव्हते. उपाहारगृहात जातीवरून कोणालाही अडवता येणार नाही, हा हक्क राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने १९५० मध्ये दिला आणि १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने असे अडवणे हा गुन्हा ठरवला.

उडप्यांचा विस्तार इराण्यांच्या नंतरचा. दक्षिण कानडा जिल्ह्यातली मुले कोवळ्या वयात मुंबईत येत, हॉटेलात कपबशा विसळत, रात्री कानडी रात्रशाळेत शिकत. त्यांतलेच काही पुढे मालक झाले. माटुंगा स्टेशनालगतचे रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे, किंग्ज सर्कलजवळचे कॅफे मद्रास त्याच सुमाराचे. माटुंग्यात दक्षिणेकडच्या नोकरदारांची वस्ती होती. त्यांच्यासाठी केलेली इडली आणि केळीच्या पानावरचा भात पुढे साऱ्या शहराचा झाला. स्वस्त, स्वच्छ, शाकाहारी आणि झटपट, ही चारही कलमे एकाच ठिकाणी जुळल्यामुळे उडपी मराठी वस्त्यांतही घट्ट रुजला.

फाळणीनंतर शीव कोळीवाड्याच्या छावणीत पंजाबी निर्वासित उतरले आणि तंदूर शहरभर पोचला. सिंधी आपली चाट घेऊन आले. मालवणी आणि गोमंतकी खानावळींनी माशाचे ताट दादर-गिरगावात स्थिर केले. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ मध्ये वडा पावात घातला, आणि गाडी पकडणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या जेवण मिळाले.

शहापूर तालुक्यातल्या खर्डीहून आठवडाभरासाठी मुंबईत आलेल्या पाहुण्याला हे सारे थर आजही चाखता येतात: दादरला मिसळ, माटुंग्याला पानावरचे जेवण, धोबीतलावला ब्रून मस्का, शीवला तंदुरी. मात्र शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या चुलीवरचे जेवण मुंबईत कुठल्या पाटीवर सहसा सापडत नाही. कारण इतिहासातच आहे. आसनगाव ते कसारा हा लोहमार्ग १ जानेवारी १८६१ रोजी खुला झाला आणि त्यावरचे खर्डी मुंबईला जोडले गेले. आज लोकलने हे अंतर सव्वादोन तासांच्या आसपासचे आहे. कामाला गेलेला माणूस रात्री घरी जेवायला परत येऊ शकतो. कातकरी, ठाकूर कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती बायकामुलांसह, आणि आपल्या खोपटातच रांधतात. खानावळ उभी राहते ती घरापासून तुटलेल्या एकट्या माणसाभोवती. ज्या मुलखातली माणसे अशी तुटली नाहीत, त्याची खानावळही झाली नाही.

वास्तविक मुंबईच्या प्रत्येक स्वयंपाकघरात या मुलखाचा वाटा आहे. शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून शहराला मिळते, भातसाचे त्यानंतर मिळू लागले. तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकर फिरतो. पावसाच्या तोंडाशी कसारा मार्गावरच्या आदिवासी बायका शेवळे, मग टाकळा, भारंगी, कंटोळी पाट्यांत भरून कल्याण, ठाणे, दादरपर्यंत नेतात आणि फुटपाथवर बसून विकतात. ज्यांना शेवळ्याची खाज काढायची रीत ठाऊक आहे अशी घरे ती हौसेने घेतात. हॉटेलवाल्यांची नजर अजून तिकडे गेलेली नाही. दादर-गिरगावच्या मराठी उपाहारगृहांनी पावसाळ्याचे दोन महिने तरी नाचणीची भाकरी आणि रानभाजी आपल्या फळ्यावर लिहावी, आणि ती भाजी खर्डी-कसाऱ्याच्या बायकांकडून घासाघीस न करता, रास्त भावाने विकत घ्यावी.