इन्स्टाग्रामला आधीच माहीत होतं

"मोबाईलने पोरी बिघडल्या" हे आपल्याकडे पारावर रोज ऐकू येतं. पण बिघडलं नेमकं काय, आणि कधीपासून, हे कुणी विचारत नाही. म्हणून थोडा इतिहास. लांबलंय, पण वाचा.

फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकवर लाइकचं बटण आलं. जून २०१० मध्ये आयफोनला पुढचा कॅमेरा बसला आणि ऑक्टोबरमध्ये इन्स्टाग्राम सुरू झालं. दीड वर्षात फेसबुकने ते १ अब्ज डॉलरला विकत घेतलं. स्वतःचा चेहरा, त्याला फिल्टर आणि खाली लोकांनी दिलेले मार्क! चौदा वर्षांच्या पोरीला आरसा पूर्वीही छळायचाच, पण आरशाखाली आकडा नसायचा.

पुढे कंपनीने स्वतःच मुलींना विचारलं. २०१९ च्या अंतर्गत सादरीकरणात लिहिलंय की तीनपैकी एका किशोरवयीन मुलीचा शरीराबद्दलचा न्यूनगंड आपण वाढवतो. कागद कपाटात राहिले. तिथल्याच माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी ते बाहेर काढले, सप्टेंबर २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने छापले आणि ५ ऑक्टोबरला हॉगनबाई अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे बसल्या. तेव्हा कंपनी १३ वर्षांखालच्या पोरांसाठी वेगळं इन्स्टाग्राम बनवत होती. आठवडाभर आधी ते काम थांबवलं.

कंपनीची बाजूही सांगतो. एकटेपणा, चिंता, दुःख अशा १२ पैकी ११ बाबतींत त्रासात असलेल्या मुलींनी "इन्स्टामुळे बरं वाटलं" असंच जास्त सांगितलं, हे त्यांचं उत्तर. बारावी बाब शरीराची. शिवाय पोरींना विचारून काढलेला आकडा म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हेही खरंच. पण मग तो लपवायचा कशाला?

लंडनची मॉली रसेल २०१७ मध्ये १४ व्या वर्षी गेली. स्वतःला इजा करण्याबद्दलच्या पोस्ट तिला दाखवल्या जात होत्या. तिच्या मृत्यूला त्यांचा हातभार लागला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये तिथल्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने नोंदवला.

आता आपलं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाने भारतात रील्स आणलं. कोरोनात शाळा बंद, अभ्यास मोबाईलवर. आमच्या भागातल्या पोरी तिथे पोचल्या त्या अशा. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाईल-टीव्ही बंद ठेवायचं ठरवलं. हसणारे हसले, पण निदान गावाने एकत्र बसून काहीतरी ठरवलं.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. वाचायला छान आहे. पण आमच्याकडे पोरीच्या हातातला फोन बापाचा, नंबर भावाचा आणि खात्यावर जन्मसाल मैत्रिणीने टाकलेलं. संमती मागणार कुणाकडे?