जिनिव्हाचा हातोडा आणि मुंबईची तबकडी

इतिहासाच्या व्याख्यानमालेत श्रीमंतांची मनगटी घड्याळं कुठून आली, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. माझं उत्तर साधं आहे. जुन्या घड्याळांचा लिलाव हा पुराव्याचा बाजार आहे, आणि पुरावा तपासणं हा आपला, म्हणजे इतिहासवाल्यांचा, धंदा. तिथे कोट्यवधींची बोली लागते ती वेळ बघण्यासाठी नाही. वेळ तर आपल्या खिशातला मोबाइल त्याहून अचूक सांगतो. बोली लागते ती एका दाव्यावर: हे घड्याळ अमक्याचं होतं, अमुक साली बनलं, आणि तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. हा दावा कोण करतं आणि तो खरा की खोटा हे कोण ठरवतं, एवढंच आज बघायचं आहे. (जाता जाता: आपला ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय. त्यांच्या ‘लेइलांव’वरून.)

सुरुवात एका प्रसिद्ध उदाहरणापासून करू. २६ ऑक्टोबर २०१७, न्यूयॉर्क, फिलिप्स हे लिलावगृह. विक्रीला होतं रोलेक्स कंपनीचं स्टीलचं डेटोना, मॉडेल क्रमांक ६२३९. अंदाज जाहीर केला होता ‘दहा लाख डॉलरच्या वर’ इतकाच. पण फोनवरून पहिलीच बोली आली एक कोटी डॉलरची. जेमतेम बारा मिनिटांत हातोडा पडला १ कोटी ५५ लाखांवर. त्यावर लिलावगृहाचं खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन चढलं आणि एकूण रक्कम झाली १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर. हे लक्षात ठेवा, कारण बातम्यांमध्ये छापला जातो तो आकडा जवळपास नेहमी कमिशन धरून असतो. विकणाऱ्याच्या हातात पडणारी रक्कम वेगळी, आणि कमीच.

आता हे घड्याळ मुळात काय होतं? नवीन असताना त्याची किंमत दोन-अडीचशे डॉलर. अभिनेता पॉल न्यूमन मोटारींच्या शर्यतीत उतरत असे. त्याची बायको, अभिनेत्री जोअन वुडवर्ड, हिने त्याला ते भेट दिलं आणि मागच्या झाकणावर इंग्रजीत कोरून घेतलं: ‘ड्राइव्ह केअरफुली, मी’. गाडी जपून चालव, असं म्हणणारी ‘मी’. इंग्रजीतलं हे ‘मी’ आपल्या मराठीतल्या ‘मी’सारखंच निघावं, याची मला दर वेळी गंमत वाटते. १९८४ मध्ये न्यूमनने ते घड्याळ आपल्या मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकलं. चावी दिलीस तर वेळ बरी दाखवतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलून. त्या मुलाने ते बरीच वर्षं रोजच्या वापरात ठेवलं.

आणखी एक गोष्ट. या घड्याळाची तबकडी नेहमीच्या तबकडीपेक्षा जरा भडक, छोट्या गोलांमध्ये चौकोनी टोकांच्या रेघा असलेली. साठ-सत्तरच्या दशकात ही तबकडी लोकांना आवडत नव्हती, दुकानात पडून राहायची. ऐंशीच्या दशकात इटलीतल्या संग्राहकांनी ती उचलून धरली आणि तिला नाव पडलं ‘पॉल न्यूमन’. पडून राहिली म्हणून थोडी बनली, आणि थोडी बनली म्हणून आज दुर्मीळ. संग्राहकांच्या जगात हे वारंवार दिसतं.

पण असा बाजार उभाच कसा राहिला? तर तो एका पराभवातून उभा राहिला. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन बाजारात आणलं. जगातलं पहिलं विक्रीला आलेलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हाच्या जपानमध्ये एखाद्या छोट्या मोटारीएवढी. पुढे क्वार्ट्झ झपाट्याने स्वस्त झालं आणि स्वित्झर्लंडचा घड्याळधंदा कोसळला. १९७०च्या सुमारास तिथे या धंद्यात साधारण ९० हजार माणसं होती, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तीस-पस्तीस हजारांवर आली. चावीचं घड्याळ आता वेळ सांगण्याच्या स्पर्धेत हरलं होतं. टिकायचं तर त्याला दुसरं काहीतरी व्हावं लागणार होतं.

ते ‘दुसरं काहीतरी’ घडवण्यात लिलावगृहांचा वाटा मोठा आहे. जिनिव्हात १९७४ मध्ये अँटिकोरम सुरू झालं, ओस्वाल्दो पात्रित्सी यांच्या पुढाकाराने. त्याआधीही घड्याळं लिलावात निघत, पण दागिने, चांदीची भांडी यांच्या रांगेत कुठेतरी. अँटिकोरमने फक्त घड्याळांचे लिलाव काढले, जाडजूड सचित्र सूची छापल्या, एकेका कंपनीला वाहिलेले लिलाव भरवले. ९ एप्रिल १९८९ चा पाटेक फिलिपचा लिलाव बघा. कंपनीला दीडशे वर्षं झाली म्हणून तिने ‘कॅलिबर ८९’ नावाचं अवाढव्य खिशातलं घड्याळ बनवलं आणि ते नवंकोरं घड्याळ जुन्यांच्या सोबतीने लिलावातच विकलं, ४९ लाख ५० हजार फ्रँकना. म्हणजे उत्पादकाला तेव्हाच कळलं होतं की हातोड्याचा आवाज ही जगातली सगळ्यात चांगली जाहिरात आहे. जुन्या मालाला असा भाव येतोय म्हटल्यावर शोकेसमधल्या नव्या मालाची किंमतही वाजवी वाटायला लागते.

२००७ मध्ये यातली पुढची पायरी उघडी पडली. त्या वर्षी अँटिकोरमने फक्त ओमेगा घड्याळांचा लिलाव केला, तीनशे नग. त्यातलं एक प्लॅटिनमचं घड्याळ साडेतीन लाख डॉलरच्या वर गेलं. खरेदीदार निनावी. काही महिन्यांनी वॉल स्ट्रीट जर्नलने छापलं की तो निनावी खरेदीदार खुद्द ओमेगाच होती. कंपन्यांचं म्हणणं असतं की आम्ही आमच्या संग्रहालयासाठी घेतो, आणि ते खोटं नाही. ओमेगाचं संग्रहालय आहे, पाटेक फिलिपचं जिनिव्हात २००१ पासून आहे. पण ज्याला भाव चढलेला हवाय, तोच बोली लावतोय आणि बाकीच्यांना ते माहीत नाही, याला आपल्या बाजारात काय म्हणतात ते मी सांगायला नको.

म्हणून सगळे आकडे खोटे का? तसं मी म्हणणार नाही. काही भावांमागे ठोस कारण आहे. पाटेक फिलिपचं १५१८ हे मॉडेल घ्या. १९४१ मध्ये आलेलं. तारीख, वार, महिना न चुकता दाखवणारं आणि वर स्टॉपवॉच असलेलं. एकूण २८१ बनली, बहुतेक सोन्याची. एवढं महागडं यंत्र स्टीलच्या केसमध्ये कोण मागणार? त्यामुळे स्टीलची फक्त चार ठाऊक आहेत. त्यातलं एक २०१६ मध्ये फिलिप्सने १ कोटी १० लाख फ्रँकना विकलं आणि तेच नोव्हेंबर २०२५ मध्ये १ कोटी ४० लाखांच्या वर गेलं. सोन्याचं १५१८ सहसा याहून बरंच कमी भावात जातं. लोखंड सोन्याला भारी पडलं, आणि इथे निदान गणित तरी समजतं.

दुसरं उदाहरण व्हिएतनामचा शेवटचा सम्राट बाओ दाई याचं. १९५४ मध्ये जिनिव्हात परिषद चालू होती, त्याच्या देशाची फाळणी तिथे ठरत होती. त्या मुक्कामात त्याने शहरातल्या एका दुकानातून सोन्याचं रोलेक्स घेतलं, काळी तबकडी आणि तिच्यावर हिरे. २००२ मध्ये ते सुमारे २ लाख ३५ हजार डॉलरना गेलं, २०१७ मध्ये ५० लाख डॉलरच्या वर. घड्याळ तेच, एक काटाही बदललेला नाही. पंधरा वर्षांत एकवीस-बावीस पट वाढली ती त्याच्या गोष्टीची मागणी. (२०१९ चा ३ कोटी १० लाख फ्रँकचा विक्रम मी मुद्दामच बाजूला ठेवतोय. तो पाटेकच्या एका नव्या घड्याळाचा, स्नायूंच्या आजारावरच्या संशोधनासाठी झालेल्या धर्मादाय लिलावातला. देणगी आणि किंमत तिथे एकमेकांत मिसळलेली आहेत.)

आता ‘हात न लावलेलं’ याकडे येतो, कारण सगळा पेच तिथे आहे. संग्राहकाला पॉलिश केलेली केस नको असते, कारण पॉलिशने कडा झिजतात. काट्यांवरचा चमकणारा रंग नव्याने भरलेला नको. तबकडी तर मुळीच रंगवलेली नको. इतकी, की उन्हाने आणि दमट हवेने काळ्याची तपकिरी झालेली तबकडी, म्हणजे खरं तर खराब झालेली तबकडी, ‘ट्रॉपिकल’ नावाने कितीतरी पट भावाने जाते.

आणि इथे आपली मुंबई येते. जगभरच्या संग्राहकांच्या बोलण्यात ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्द आहे, तुच्छतेने वापरला जाणारा. जुनी फाव्हर-लूबा, वेस्ट एंड, एचएमटी, सेइको यांची यंत्रं घ्यायची, तबकडी भडक निळी-नारिंगी रंगवायची, नाव पुन्हा छापायचं, मिळतील ते काटे बसवायचे आणि परदेशी गिऱ्हाइकाला विकायचं. हे होतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यामागचा कसब काय होता ते बघा. फाव्हर-लूबा, वेस्ट एंड या स्विस कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकातच मुंबईत बस्तान बसवलं. म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे हात इथे पिढ्यानपिढ्या आहेत. आपल्या हवेत तबकडीला डाग पडणारच. गिऱ्हाईक म्हणायचं, नव्यासारखं करून द्या. वडलांचं घड्याळ मुलाच्या लग्नात झळकलं पाहिजे, ही अपेक्षा होती. तबकडी रंगवणं ही तेव्हा सेवा होती, फसवणूक नव्हती. फसवणूक होते ती ‘ओरिजिनल आहे’ असं सांगितल्यावर.

नेमकं तेच जिनिव्हात घडलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये फिलिप्सने १९५७ च्या पहिल्या पिढीतलं ओमेगा स्पीडमास्टर लिलावात काढलं, मॉडेल २९१५-१, तबकडी अर्थातच तपकिरी, ट्रॉपिकल. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँक. गेलं ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँकना. अंदाजाच्या पंचवीस पटींहून जास्त! दीडेक वर्षाने, जून २०२३ मध्ये, बातमी फुटली की हे घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं होतं. आणि खरेदीदार कोण? पुन्हा ओमेगाच, आपल्या संग्रहालयासाठी. कंपनीने जाहीर केलं की तिच्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा यात हात होता, त्यातला एक संग्रहालय आणि वारशाचं काम बघणारा, आणि प्रकरण फौजदारी कारवाईकडे नेलं. लिलावगृहाचं म्हणणं, आम्ही कंपनीच्या दप्तरातूनच माहिती पडताळून घेतली होती.

हे नीट समजून घ्या. पाटेकसारख्या कंपन्या जुन्या नोंदवह्यांतला उतारा देतात, ओमेगाही देत असे: अमुक क्रमांकाचं यंत्र अमुक साली बनलं, अमुक देशात गेलं. दस्तऐवज म्हणून तो मोलाचाच. पण उतारा सांगतो तो क्रमांकाबद्दल. त्या क्रमांकाच्या यंत्राभोवती आज जी केस आहे, जी तबकडी आहे, ती त्या दिवशी होती का, हे उतारा सांगत नाही. जमिनीच्या व्यवहारात सातबारा बघून भागत नाही, शेतावर जाऊन बांध बघावा लागतो, तसंच. आणि ज्या घरात दप्तर, त्याच घरात खरेदीदार आणि त्याच घरात तज्ज्ञ, तिथे तिऱ्हाईत डोळा उरतच नाही. या घड्याळाबद्दल उघड शंका घेतल्या त्याही बाहेरच्या अभ्यासकांनी, जुने फोटो आणि बारकावे ताडून बघत.

न्यूमनच्या घड्याळाशी याची तुलना करा. रोलेक्स असा उतारा देत नाही. तिथे साक्ष होती ती कोरलेल्या अक्षरांची, न्यूमनच्या मनगटावरच्या कितीतरी फोटोंची, आणि घड्याळ विकणारा स्वतः ते कसं मिळालं हे सांगायला हजर होता. एकमेकांशी संबंध नसलेले तीन पुरावे. माझ्या मते तो भाव वेडा असेल, पण पुरावा पक्का होता. स्पीडमास्टरच्या बाबतीत भाव वेडा आणि पुरावा एकाच दाराने आलेला.

थांबण्याआधी, व्याख्यानानंतर हमखास विचारलं जातं त्याचं उत्तर आधीच देतो: ‘आजोबांचं घड्याळ आहे, काय करू?’ कोट्यवधी मिळणार नाहीत, पण दुरुस्तीला देताना यंत्राचं ऑइलिंग तेवढं करायला सांगा, केसला पॉलिश नको आणि तबकडीला ब्रश नको. काच, चावी, काटा, जे बदललं जाईल ते जुनं कागदात गुंडाळून परत मागा. दुकानाची पावती असेल तर प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका. आणि आजोबांचा ते घड्याळ घातलेला फोटो सापडला तर त्याच्या मागे साल आणि जागा पेन्सिलीने लिहून ठेवा. आता तुमचे प्रश्न घेऊ.