लिक्विडमेटल टेक्नॉलॉजीज

लिक्विडमेटल टेक्नॉलॉजीज ही अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील अस्फटिकी मिश्रधातू विकसित करणारी एक छोटी कंपनी आहे. तिची स्थापना १९८७ मध्ये झाली. कंपनीचे तंत्रज्ञान पदार्थविज्ञानात महत्त्वाचे मानले जाते. मात्र दीर्घकाळचा तोटा, वारंवार काढलेले नवे समभाग आणि हक्कांचे परवाने देण्याची पद्धत यांमुळे तिच्या व्यवस्थापनाविषयी भागधारकांत अनेक वर्षे असंतोष राहिला.

तंत्रज्ञान

सामान्य धातू थंड होताना त्याचे अणू ठराविक रचनेत बसतात व स्फटिक तयार होतात. काही मिश्रधातूंमध्ये ही रचना होण्यापूर्वीच द्रव गोठतो आणि काचेसारखा विस्कळीत अणुविन्यास कायम राहतो. असा पहिला धातू १९६० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (कॅलटेक) येथे पोल डुवेझ व सहकाऱ्यांनी तयार केला. तो सोने व सिलिकॉनचा अत्यंत पातळ तुकडा होता. जाड वस्तू ओतता येईल असा झिर्कोनियमवर आधारित मिश्रधातू त्याच संस्थेत अताकान पेकर आणि विल्यम जॉन्सन यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी शोधला. त्यात टायटॅनियम, तांबे, निकेल व बेरिलियमही असते. या शोधाच्या व्यापारी वापराचे हक्क कंपनीला मिळाले.

हा धातू मजबूत व लवचीक असून प्लॅस्टिकप्रमाणे साच्यात नेमक्या आकारात ओतता येतो. परंतु कच्चा माल महाग असतो आणि थंड करण्याचा वेग चुकल्यास तो ठिसूळ होतो. प्रयोगशाळेतील यश व कारखान्यातील नफा यांतील अंतर येथूनच सुरू होते.

समभाग विक्री आणि दावे

गोल्फच्या काठ्या व भ्रमणध्वनीचे सुटे भाग ही कंपनीची सुरुवातीची उत्पादने होती. मे २००२ मध्ये कंपनीने प्रति समभाग १५ डॉलर दराने प्राथमिक समभाग विक्री केली व नॅसडॅक बाजारात तिची नोंदणी झाली. दक्षिण कोरियात कारखानाही उभारण्यात आला. २००४ मध्ये आधीच्या काळातील हिशेब दुरुस्त करून पुन्हा मांडण्याची वेळ आली. गुंतवणूकदारांची दिशाभूल झाल्याचा आरोप करणारे सामूहिक दावे त्याच वर्षी दाखल झाले. पुढे समभागाची उलाढाल मुख्य बाजाराबाहेर होऊ लागली. नफा नसल्याने खर्च परिवर्तनीय कर्जरोख्यांतून भागवला जाई. असे रोखे समभागांत बदलले की जुन्या भागधारकाचा वाटा आपोआप घटतो.

ॲपलशी करार

ऑगस्ट २०१० मध्ये ॲपल कंपनीने ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी या तंत्रज्ञानाचा कायमस्वरूपी व अनन्य परवाना घेतला. मोबदला एकरकमी, २ कोटी डॉलरचा होता. स्वामित्वशुल्काची तरतूद नव्हती. बातमी येताच समभागाचा भाव उसळला. आयफोनमधील सिमकार्ड बाहेर काढण्याची छोटी पिन या धातूची असल्याचेही गाजले. भागधारकांच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा होता : सर्वांत मोठी संभाव्य बाजारपेठ एकदाच पैसे घेऊन कायमची दिली गेली होती, त्यामुळे ॲपलने पुढे कितीही वस्तू बनवल्या तरी त्यातून कंपनीला वेगळे उत्पन्न मिळणार नव्हते. व्यवस्थापनाची बाजूही दुर्लक्षिता येत नाही. कर्जात बुडालेल्या कंपनीला त्या वेळी रोख रकमेची निकड होती. घड्याळांच्या क्षेत्रातील हक्क स्वॉच समूहाकडे गेले. २०१२ मध्ये व्हिसर प्रिसिजन कास्ट या उत्पादक कंपनीला अनन्य हक्क देण्यात आले, पण लवकरच दोघांत वाद होऊन प्रकरण लवादापुढे गेले आणि २०१४ मध्ये तडजोडीने मिटले.

नियंत्रण बदल

मार्च २०१६ मध्ये प्राध्यापक लुजी ली यांच्या हाँगकाँगमधील कंपनीने ४० कोटी ५० लाख नवे समभाग ६ कोटी ३४ लाख डॉलरना घेण्याचा करार केला. पहिले साडेदहा कोटी समभाग प्रत्येकी ८ सेंट दराने, तर उरलेले १५ व २५ सेंट दराने देण्याचे ठरले. व्यवहार पूर्ण झाल्यावर ली अध्यक्ष व नंतर मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. कंपनीचे एकूण समभाग ९० कोटींवर गेले. त्यापूर्वी ज्याच्याकडे एक टक्का मालकी होती, त्याच्याकडे आता साधारण अर्धा टक्का उरली. १५ डॉलरने समभाग घेतलेल्यांसाठी २५ सेंटचा दरही मूळ किमतीच्या साठाव्या भागाएवढाच होता.

या व्यवहाराने कंपनीची रोखीची अडचण दूर झाली, हे खरे. मात्र ली यांचेच नियंत्रण असलेल्या चीनमधील इऑन्टेक कंपनीशी तांत्रिक हक्कांच्या परस्पर वाटणीचा करार त्याच वेळी झाला व त्यानुसार आशियातील बाजार इऑन्टेककडे गेला. प्रमुख भागधारक, कंपनीचा प्रमुख आणि व्यवहारातील दुसरा पक्ष एकच व्यक्ती असल्यास अल्पसंख्य भागधारकांचे हित संचालक मंडळातील स्वतंत्र सदस्यांवर अवलंबून राहते. अशा भागधारकांकडे वार्षिक सभेतील मत, न्यायालयीन दावा किंवा मिळेल त्या भावाने समभाग विकणे एवढेच मार्ग असतात. सुमारे ४५ टक्के मते एकाच हाती असताना पहिल्या मार्गाचा उपयोग मर्यादित ठरतो.