मतपेटीवाचून संसद

आमच्या शाळेत दर वर्षी युवा संसद भरते. बाकांच्या दोन रांगा समोरासमोर मांडायच्या, मध्ये अध्यक्षांची खुर्ची ठेवायची. मग प्रश्नोत्तराचा तास होतो, एखादे विधेयक संमत होते, विरोधक सभात्यागही करतात. पंतप्रधान कोण? तर ज्याचा आवाज खणखणीत तो. त्याला निवडतो कोण? मी! कित्येक वर्षे मी हे बिनदिक्कत करीत आलो आणि त्यात काही उणे आहे असे कधी मनातही आले नाही.

या उपक्रमाचे मूळ मुंबईत सापडते. १९६२ साली तेथे भरलेल्या चौथ्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शिक्षणसंस्थांतून अभिरूप संसदा भरवाव्यात अशी शिफारस केली. १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत तशा स्पर्धा सुरू झाल्या. पुढे त्या केंद्रीय व नवोदय विद्यालयांत आणि विद्यापीठांतही गेल्या. २०१९ साली राष्ट्रीय युवा संसद महोत्सव सुरू झाला. तेथेही पुढे कोणी जायचे हे परीक्षक भाषण ऐकून ठरवू लागले. संसदेचे सारे विधी आपण उचलले. ज्यातून संसद जन्माला येते ते मतदान तेवढे दाराबाहेर राहिले. ब्रिटनमधील युवा संसदेचे बहुतेक सभासद मुलांच्याच मतांनी निवडून येतात आणि ३० ऑक्टोबर २००९ रोजी ते थेट कॉमन्स सभागृहाच्या बाकांवर बसले.

वास्तविक मतदान शिकविण्याचा आपला इतिहास काही लहानसहान नाही. २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार सतरा कोटींहून अधिक, आणि त्यांतले बहुसंख्य निरक्षर. म्हणून मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारभारात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवण्यात आली व तिच्यावर त्याचे चिन्ह लावण्यात आले. आधी रंगीत तालमीही झाल्या. ‘अमक्याची बायको’ याखेरीज स्वतःचे नाव न सांगणाऱ्या सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रिया यादीतून गळाल्या; मताला स्वतःचे नाव लागते, हा धडा देशाने असा महागात घेतला. पण तुम्हाला भाषण करता येते का, असे त्या मतदाराला कोणी विचारले नाही.

त्या वेळी मतदाराचे वय एकवीस होते. २८ मार्च १९८९ पासून ते अठरा झाले. म्हणजे माझ्या दहावीच्या वर्गातली मुले तीनेक वर्षांत खरे मत देणार, आणि आम्ही त्यांना टाळ्या तेवढ्या वाजवायला शिकवीत होतो.

गेल्या वर्षी मी बिस्किटांचे पाच रिकामे डबे आणले, त्यांवर चिन्हे चिकटवली आणि ते पडद्याआड ठेवले. माझा पंतप्रधान मनात ठरलेलाच होता. तो चार मतांनी पडला. निवडून आली ती नळांना तोट्या नाहीत म्हणून वर्गावर्गांतून सह्या गोळा करीत फिरलेली एक अबोल मुलगी. संसदेच्या दिवशी ती दोनदा अडखळली. गुण देणाऱ्या पाहुण्यांनी आम्हाला खाली ढकलले, ढाल गेली. मुख्याध्यापक माझ्याशी दोन दिवस तुटक बोलत होते. मलाही वाईट वाटले. खोटे कशाला सांगू?

संध्याकाळी बाक उचलताना पडलेला मुलगा जवळ आला. मला वाटले, तक्रार करील. तो म्हणाला, “सर, पुढच्या वर्षी निवडणूक असेल ना?”

मी ‘हो’ म्हणून गेलो. दिलेला शब्द आता पाळायचा आहे. दिवाळीची सुट्टी संपली की मतदान. ढाल कदाचित यंदाही जाईल. डबे मात्र मी घासूनपुसून ठेवले आहेत.